पालकाला ताकीद

शाळेतल्या शिस्तीचा नवा कायदा क्लचकाकांना पहिल्या दिवसापासून पसंत होता. विधानसभेत तो मंजूर झाल्याची बातमी आली, त्या दिवशी गाडी शिकायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी तो अगदी खुलासेवार समजावून सांगितला. ऐकणारा स्टिअरिंगवर आणि काका शेजारच्या सीटवर, त्यामुळे उठून जायची सोय कोणालाच नव्हती. कायदा साधा होता. सरकारी शाळेतल्या मुलाला वर्गात गोंधळ केल्याबद्दल तीन ताकिदी मिळाल्या, की त्याच्या आईने किंवा वडिलांनी एक अख्खा दिवस वर्गात त्याच्या शेजारी बसायचं.

"बसू देत की!" काका म्हणत. "आपलं कार्टं शाळेत काय दिवे लावतंय ते बघू देत आईबापांना. शिस्त म्हणजे काय गंमत... क्लच! अहो, क्लच दाबा आधी!"

या आरोळीवरूनच गल्लीने त्यांचं बारसं केलं होतं. त्यांची ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक जुनी पांढरी गाडी. टपावर 'एल' लिहिलेली पाटी, आणि शेजारच्या सीटपुढे शिकवणाऱ्यासाठी एक जादा ब्रेक. तो ब्रेक दाबून दाबून काकांच्या उजव्या पायाला अशी काही सवय जडली होती, की घरात कोणी दुधाचं भांडं कलतं धरलं तरी त्यांचा पाय आपोआप जमिनीवर आपटायचा.

त्यांची बायको इस्पितळात नर्स होती. एका संध्याकाळी ती ड्यूटीवरून आली, चप्पल काढता काढता म्हणाली, "अहो, तुमचा तो कायदा लागू झाला."

"केव्हाच झाला."

"आपल्याला लागू झाला. मुख्याध्यापकांचा फोन होता. टिटवीला तिसरी ताकीद मिळालीय."

टिटवी ही त्यांची मुलगी, सहावीत. आजीने तिला हे नाव ठेवलं ते उगाच नाही. जाग आल्यापासून डोळा लागेपर्यंत तिची टकळी चालू असायची. एरवी हाक मारायच्या आत हजर होणारी ती मुलगी आता दाराआड उभी होती.

"पुढे या," काका म्हणाले. "कशाकशाबद्दल ताकिदी?"

"पहिली हजेरीच्या वेळी. माझी मैत्रीण आली नव्हती. ती का नाही आली ते मी सरांना सांगत होते."

"मग त्यात काय झालं?"

"सर पुढच्या पाच नावांवर गेले होते. मी अजून सांगतच होते."

"आणि दुसरी?"

"विज्ञानाच्या सरांना म्हटलं, हा धडा तुम्ही कालही शिकवलात. खरंच शिकवला होता, बाबा!"

"तिसरी?"

टिटवीने आईकडे पाहिलं, मग आजीकडे, मग जमिनीकडे. "गणिताच्या बाईंनी विचारलं, कोणाला काही शंका आहे का. मी विचारलं, बाई, तुम्हाला रिव्हर्स जमायला लागला का?"

गणिताच्या बाई गेले काही आठवडे संध्याकाळी काकांकडेच गाडी शिकत होत्या. आणि त्यांनी गाडी मागे घेताना नर्सरीवाल्याच्या कुंड्यांची रांग कशी आडवी केली, हे काकांनी जेवताना पानावर बसून, ताटवाटीच्या मदतीने, हावभावांसकट सांगितलं होतं. एकदा नव्हे. पाहुणे आले की आग्रहास्तव पुन्हा.

"कुंड्यांचंही सांगितलंस?" काकांनी हळूच विचारलं.

"कोणीतरी विचारलं म्हणून."

बायको तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. तिचे खांदे हलत होते. "मला रजा नाही मिळायची हं," आतून तिचा आवाज आला. "आणि कायदा तुम्हाला आवडतो. तुम्हीच जा."

* * *

गुरुवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून मुलीबरोबर शाळेत गेले. रस्त्यात टिटवीने त्यांना सूचना दिल्या. कोणाला टोपणनावाने हाक मारायची नाही. माझं घरचं नाव सांगायचं नाही. हसायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, बाबा, बोलायचं नाही.

"मी कशाला बोलतोय?" काका म्हणाले, आणि न बोलण्याचे फायदे शाळेचं फाटक येईपर्यंत सांगत राहिले.

बाक सहावीच्या मापाचा होता. काकांचे गुडघे फळीखाली मावेनात, म्हणून ते तिरके बसले. मागच्या मुलाला फळा दिसेना म्हणून सरळ बसले, तर फळी वर उचलली गेली आणि टिटवीची कंपासपेटी घरंगळत खाली गेली. मुख्याध्यापक जातीने येऊन सांगून गेले, की आपल्या शाळेतली ही कायद्याची पहिलीच अंमलबजावणी आहे आणि वर्गाचे नियम वर्गात बसणाऱ्या सगळ्यांना सारखे. बोलताना ते काकांकडे पाहत नव्हते. त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं.

पहिला तास निभावला. दुसऱ्या तासाला विज्ञानाच्या सरांनी घर्षणाचा धडा काढला आणि विचारलं, "चालती गाडी कशामुळे थांबते?"

सगळा वर्ग वळून काकांकडे बघायला लागला. टिटवीने त्यांची बाही घट्ट धरली. पण आयुष्यात पहिल्यांदा शाळेत असा प्रश्न आला होता, ज्याचं उत्तर काकांना झोपेतही देता आलं असतं. बाही सुटली. काका उभे राहिले. ब्रेकपासून सुरू करून ते टायरच्या हवेवर आले, तिथून ओल्या रस्त्यावर आणि ओल्या रस्त्यावरून आपल्या एका मेहुण्यावर. मुलं खूश झाली. सरांनी दोनदा घसा खाकरला. तिसऱ्यांदा म्हणाले, "माफ करा हं, पण ही ताकीद समजा."

"समजलो," काका म्हणाले आणि बसले. बसल्यावर त्यांना आठवलं की हँडब्रेक राहिलाच. तेवढं सांगायला ते पुन्हा उठले. दुसरी ताकीद मिळाली.

मधल्या सुट्टीत टिटवी डबा घेऊन उठली. "बाबा, तू इथेच बस. मी मैत्रिणींकडे जाते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच काकांना जास्त लागलं. ते एकटेच त्या बुटक्या बाकावर डबा उघडून बसले. खिडकीतून त्यांना मैदानाच्या कडेला बसलेला मुलींचा घोळका दिसत होता. टिटवी हात नाचवत काहीतरी सांगत होती, बाकीच्या पोट धरून हसत होत्या. कोणाबद्दल सांगत असेल हे ओळखायला फार डोकं लागत नव्हतं. ताटवाटीच्या जागी तिच्याकडे डब्याची झाकणं होती, एवढाच फरक. काकांचा घास तोंडातच राहिला. हे कौशल्य पोरीने कुठून उचललं, हे आता कायद्याने कलम घालून सांगायची गरज नव्हती.

शेवटचा तास गणिताचा. बाई आत आल्या. शाळेत त्या बाई, गाडीत मॅडम. काकांनी मान खाली घातली. बाईंनी त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि फळ्याकडे वळल्या. बराच वेळ सगळं सुरळीत चाललं होतं. काकांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. बाईंनी फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं, त्याचे तुकडे पाडले, आणि ते नीट आलंय का हे बघायला त्या एक पाऊल मागे सरकल्या. मग आणखी एक. फळ्यापुढचा ओटा अरुंद होता आणि बाईंची टाच त्याच्या काठावर आली होती.

"मागे बघा! मागे! ब्रेक!"

काकांचा उजवा पाय असा आपटला की बाकाची खालची पट्टी मोडून पडली. बाई जागच्या जागी थिजल्या. पडल्या मात्र नाहीत. वर्ग खो खो हसत सुटला. टिटवीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. कुंड्या पाडल्याच्या दिवसापासून त्या अशा क्षणाची वाट बघत असाव्यात.

"तिसरी ताकीद," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "पालकांना."

* * *

मुख्याध्यापकांच्या खोलीत कायद्याची प्रत टेबलावर होती. काका म्हणत होते की विषय इथेच संपला. मुख्याध्यापक म्हणत होते की संपत नाही.

"बघा ना, इथे काय लिहिलंय. 'वर्गात उपस्थित असलेल्या ज्या व्यक्तीस तीन वेळा ताकीद मिळेल, त्या व्यक्तीच्या आईने अथवा वडिलांनी.' व्यक्ती लिहिलंय."

"पण त्यांना विद्यार्थी म्हणायचं असणार!"

"विद्यार्थीच होतं आधी. मग कोणी तरी म्हणालं, विद्यार्थिनींचं काय? दोन दिवस त्यावर वाद झाला म्हणे. शेवटी कोणालाच दुखवायला नको, म्हणून सरसकट व्यक्ती केलं."

त्यांनी शिक्षण खात्यात फोन लावला. पलीकडच्या अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ते गृहस्थ व्यक्ती आहेत की नाहीत?"

"आहेत."

"मग झालं तर."

मुख्याध्यापकांनी फोन ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला. "आई आहेत का हो तुमच्या?"

काकांच्या आईला, म्हणजे टिटवीच्या आजीला, ही बातमी कशी सांगावी या विवंचनेत काका घरी गेले, तर टिटवी पुढे पळत जाऊन सांगून मोकळी झाली होती. आजी खुर्चीत ताठ बसली होती आणि तिचा चेहरा उजळला होता.

"तुझ्या शाळेत मला किती वेळा बोलावलं होतं, आठवतंय का रे?" ती म्हणाली. "मला वाटलं, सुटले एकदाची. कुठलं काय!"

"आई, तू फक्त बसायचंस. बोलायचं नाही."

"मी? मी कधी बोलते?"

यावर बायकोला हसू आवरेना. ती भिंतीला टेकली आणि मग खालीच बसली. आजीने सगळी नोकरी बस स्थानकावर घोषणा देण्यात घालवली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते, हे अर्ध्या शहराने तिच्याच आवाजात ऐकलेलं होतं, आणि निवृत्त झाल्यापासून माईक नाही एवढीच काय ती तिची तक्रार होती.

त्या संध्याकाळी बाई गाडी शिकायला येतील असं काकांना वाटलं नव्हतं. पण त्या आल्या, पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाल्या, "घरी माझ्याबद्दल काय काय सांगता हो, काका?"

काकांनी लपवाछपवी केली नाही. "सगळंच सांगितलं, मॅडम. रंगवून सांगितलं. चुकलं माझं. पोर बिचारी मी सांगितलं तेच बोलली."

"मुलं आता मला कुंडीबाई म्हणतात."

काकांना हसू आलं, ते त्यांनी महाप्रयासाने गिळलं. मग प्रायश्चित्त म्हणून त्यांनी ठरवलं, की आज तोंडातून अक्षर काढायचं नाही. बाईंनी गाडी सुरू केली. बाजाराच्या वळणावरून गाडी गेली, पुलावरून गेली, चढावर थोडी मागे घरंगळली, तरी काका गप्प. शेवटी बाईंनी गाडी कडेला घेतली.

"काका, बोला ना काहीतरी! मला भीती वाटतेय."

"ओरडलेलं चालेल?"

"चालेल. तुम्ही ओरडत असलात की निदान कळतं, गाडी अजून रस्त्यावरच आहे."

"क्लच!" काका लगेच म्हणाले. त्यांनाही सुटल्यासारखं वाटलं.

* * *

पुढच्या आठवड्यात एका बाकावर तिघं बसली. बाक नवा आणला होता. मध्ये बाबा, कारण आजीने बसायचं ते त्यांच्याच शेजारी; एका बाजूला टिटवी, दुसऱ्या बाजूला आजी. आजीने मुद्दाम नवा चष्मा घातला होता आणि पर्समध्ये खडीसाखर भरून आणली होती, ती मधल्या सुट्टीपर्यंत शेवटच्या बाकापर्यंत पोचली.

गणिताच्या तासाला बाईंनी विचारलं, "पुस्तकातलं उदाहरण कोण मोठ्याने वाचेल?" आजीने हात वर केला. हात वर करूनच विचारायचं, हा नियम ती पाळत होती, त्यामुळे बाईंना नाही म्हणता येईना. आजी उभी राहिली, घसा साफ केला आणि वाचायला लागली, "एक गाडी सकाळी सात वाजता निघते. तिचा वेग..." तो आवाज ऐकताच मागच्या बाकावरच्या दोन मुलांनी दप्तरं उचलली आणि ती उभीच राहिली. मग भानावर येऊन बसली. बाई फळ्याकडे तोंड करून उगाचच काहीतरी पुसत राहिल्या.

तेवढ्यात दार उघडलं. मुख्याध्यापक, त्यांच्यामागे आमदार आणि आमदारांमागे कॅमेरावाला. कायदा विधानसभेत मांडणारे ते हेच. आपला कायदा कसा चाललाय ते बघायला ते आले होते. एका बाकावर तीन पिढ्या बघून ते जरा गोंधळले. मुख्याध्यापकांनी कानात काहीतरी सांगितलं. आमदारांनी 'अस्सं' म्हणून मान डोलावली आणि फळ्यापुढे उभं राहून बोलायला सुरुवात केली. शिस्त, उद्याचे नागरिक, आमच्या वेळची शाळा.

"साहेब, तास चालू आहे," बाई म्हणाल्या.

"दोनच मिनिटं, बाई." आणि ते आपल्या बालपणापासून सुरू झाले.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, फळ्यावरच्या अर्धवट उदाहरणाकडे पाहिलं. "साहेब, ही पहिली ताकीद."

मुख्याध्यापकांचा चेहरा पांढराफटक पडला. कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली घेतला. आमदारांना वाटलं, चेष्टा असेल. ते हसले आणि म्हणाले, "आमच्या बाई विनोदी आहेत. तर मुलांनो, मी काय सांगत होतो..."

"दुसरी," बाई म्हणाल्या.

आजीने हात वर केला. तिच्याकडे कोणी बघेना, म्हणून तिने विचारूनच टाकलं, "आई आहेत का हो तुमच्या?"

आमदार थांबले. "आहेत."

"बोलतात का?"

"फार," आमदार म्हणाले. ते एकदम लहान झाल्यासारखे दिसले. "बोलावलं तर येईल. आनंदाने येईल."

"मग बसा इथे," आजी म्हणाली आणि सरकली. आमदार खरोखरच येऊन बाकाच्या टोकावर बसले. आजीने त्यांना खडीसाखर दिली. तास संपेपर्यंत ते तिथेच होते आणि त्यांनी एक उदाहरण सोडवलंही, चुकीचं.

घरी जाताना गाडीत आजी मागे बसून आमदारांच्या स्वभावाविषयी बोलत होती. टिटवी पुढे गप्प होती.

"काय गं, आज एकदम शांत?" काकांनी विचारलं.

"दमले," ती म्हणाली. "तुम्हा दोघांना सांभाळायचं म्हणजे काय सोपं असतं का?"

पुढच्या अधिवेशनात कायद्यात दुरुस्ती झाली. 'व्यक्ती' जाऊन 'विद्यार्थी अथवा विद्यार्थिनी' आलं, तेही कसलाही वाद न होता, ज्यांनी कायदा मांडला त्यांनीच पुढाकार घेऊन. आजीला ही दुरुस्ती मुळीच पटली नाही. आत्ता कुठे मी रुळत होते, असं ती येईल त्याला सांगत असते. टिटवी बोलायची काही थांबली नाही. दोन ताकिदींपर्यंत मजल मारून तिथे मात्र ती नेमकी थांबते. काकाही जेवताना किस्से सांगतात, फक्त नावं गाळून. 'एक गृहस्थ आहेत' अशी सुरुवात झाली, की घरचे लगेच ओळखतात.

एक गोष्ट मात्र काकांनी अजून कोणालाच सांगितलेली नाही, आणि पोटात काही ठेवण्याची त्यांची ही पहिलीच वेळ असावी. वर्गात बसायच्या त्या दुसऱ्या खेपेला, आमदार बाकावर बसल्यावर, बाईंनी टिटवीला फळ्यापाशी बोलावलं होतं. ती खडू बोटांत फिरवत, खालचा ओठ दातांत धरून बराच वेळ फळ्याकडे बघत उभी होती. घरात उभ्या दिवसात मिनिटभर गप्प न बसणारी पोर तिथे एक शब्द बोलत नव्हती, नुसता विचार करत होती. तिला असं विचार करताना काकांनी कधीच पाहिलं नव्हतं. तिने खडू फळ्याला टेकवला, पुसलं, पुन्हा टेकवला. सांगावं असं काकांच्या जिभेवर बरंच काही आलं. पण ते पाय पोटाशी घेऊन, श्वास रोखून बसून राहिले.